आधी होडीची वेळ, मग मोटारीचा बेत

समुद्रकाठाने मोटारीने जायचे, वाटेत जुन्या नामांकित जागा गाठायच्या, प्रत्येक जागी अर्धा दिवस रमायचे आणि रात्री पुढच्या गावात पथारी टाकायची, ही हौस जगात सर्वांत मन लावून कोणी भागवीत असेल, तर ते गोल्फ खेळणारे लोक. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज म्हणून गाव आहे. तिथल्या मैदानावर १७६४ साली अठरा खळग्यांचा हिशेब ठरला आणि तोच पुढे जगभर चालू झाला. पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक आहे. तिथे १८६० साली पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. ही मंडळी पिशवीभर काठ्या मोटारीत टाकतात आणि या मैदानावरून त्या मैदानावर, एखाद्याने अष्टविनायक करावेत तशा निष्ठेने, फिरत राहतात.

ही जुनी मैदाने कोणा माळ्याने तयार केलेली नव्हेत. समुद्र संपतो आणि शेती सुरू होते, या दोहोंमध्ये वाळूचा, खुरट्या गवताचा, उंचसखल असा पट्टा असतो. नांगराला निरुपयोगी, म्हणून मेंढ्यांना मोकळा. त्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्या कोकणात तसल्याच पट्ट्याला पुळण म्हणतात. फरक इतकाच, की आपल्या पुळणीवर सुरूची बने असतात, ओढून ठेवलेल्या होड्या असतात, जाळी पसरलेली असतात आणि सुकत घातलेली मासळी असते. तिथे कोणी चेंडू टोलवू लागला, तर चार घरच्या बायका त्याला सरळ करतील. इंग्रजाने हा खेळ १८२९ साली कलकत्त्यात आणला आणि १८४२ साली मुंबईत. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जुने गोल्फचे मैदान शोधू जाल तर मिळावयाचे नाही.

मग तिकडचा बेत इकडे उपयोगी कसा? उपयोगी आहे, आणि तो एका बाबतीत. गोल्फवाला आधी खेळाची पाळी ठरवतो. अमुक मैदान, अमुक दिवस, सकाळचे अमुक वाजता. कित्येकदा महिनेच्या महिने आधी. मग त्या वेळेला धरून मुक्काम आणि मुक्कामाला धरून रस्ता. आपण नेमके उलट करतो. आधी हॉटेल, मग मोटार, मग जेवणाचा डबा, आणि किल्ल्याच्या धक्क्यावर पोचल्यावर विचारतो, ‘‘काय हो, शेवटची होडी गेली का?’’

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. उत्तरेला विजयदुर्ग, मग देवगड, मग मालवणचा सिंधुदुर्ग आणि त्याच्या भोवतीचे पद्मगड, राजकोट, सर्जेकोट. पुढे निवती, रेडीचा यशवंतगड आणि नदीपलीकडच्या गोव्याला खेटून तेरेखोल. जुनी मैदानेच म्हणा ना! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, याच किनाऱ्यावर आहेत. पाच दिवसांत हे सारे बायकामुलांसह नीट पाहून होते. मात्र सगळा बेत एका खुंटीला टांगावा लागतो. ती खुंटी म्हणजे मालवणची होडी. कारण बाकीच्या किल्ल्यांवर पायी किंवा मोटारीने जाता येते. सिंधुदुर्गाला पाण्यातूनच जावे लागते.

आमच्या घरी ही खुंटी जरा जास्तच पक्की होती. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारी आप्पा म्हणतो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मालवणच्या उत्तरेला कालावल खाडीच्या काठी त्यांचे गाव. शाळा संपल्यावर मुंबईला आले ते आगबोटीने. त्या काळी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना आगबोटी लागत. लागत म्हणजे बाहेर खोल पाण्यात उभ्या राहत, आणि माणसे पडावात बसून, ट्रंका डोक्यावर घेऊन, लाटांवर हेलकावणाऱ्या शिडीने वर चढत. आप्पांच्या मनात मालवण म्हणजे त्या पडावातून दिसलेला किल्ला. मुंबईत साठ-पासष्ट वर्षे गेली, गावी जाणेयेणे झाले, पण किल्ल्यात काही पुन्हा पाऊल पडले नाही. कधी पाऊस, कधी घाई, कधी कोणाचे बारसे. मग सासूबाई गेल्या, गुडघे गेले. गेल्या वर्षी दसऱ्याला ते माझ्या बायकोला म्हणाले, ‘‘माका एकदा किल्ल्यात घेवन जावा. मगे तुमका खंय जावचा ता जावा.’’

डॉक्टरांनी ‘जाऊ द्या, पण उडी मारायला लावू नका’ असे सांगितले. होडीत चढणे-उतरणे म्हणजे अर्धी उडीच असते. तेव्हा प्रश्न असा झाला, की उडी न मारता आप्पांना होडीतून किल्ल्यात कसे न्यायचे?

उत्तर पंचांगात आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. किनाऱ्यावरची माणसे विसरत नाहीत. त्यांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती आणि भर दुपारी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडतो, म्हणून छापील किंवा मोबाइलवरचे भरतीचे कोष्टक ताडून पाहावेच. पण बेत आखायला आजोबांचा हा पाढा पुरतो. भरती पूर्ण असली, की होडीची कड धक्क्याच्या पायरीच्या जवळ येते. ओहोटीला तीच कड चार-पाच फूट खाली जाते, आणि शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात.

पण एवढ्याने भागत नाही. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो आणि पाणी चाळवते. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला हवी सकाळ, आणि हवी भरती. सकाळच्या उत्तरार्धातली भरती कोणत्या तिथीला मिळते? अमावास्या-पौर्णिमेच्या अल्याडपल्याड. आणि दिवाळीची अमावास्या तर समोरच होती! प्रतिपदेला एकाची पाऊणपट पाऊण; म्हणजे दुपारी पाऊण वाजण्याच्या आतबाहेर पाणी वर. अकराला निघायचे, एकच्या सुमाराला परतायचे. दोन्ही वेळा पायरी आणि कड जवळजवळ एका पातळीत.

अडचण एकच. ती प्रतिपदा म्हणजे दिवाळीचा पाडवा. दिवाळी घराबाहेर करायची? आमच्या आईने दोन दिवस मौन धरले. फराळाचे डबे, दारातली रांगोळी, भाऊबीजेला येणारा भाऊ, सगळ्यांचे काय, हा तिचा प्रश्न. शेवटी तिनेच तोडगा काढला. ती म्हणाली, ‘‘लक्ष्मीपूजन त्यांच्या मूळ घरी करा. त्या घराला किती वर्षांत पाहुणा नाही!’’ मग चकल्यांचे दोन डबे भरले आणि आई स्वतः पुढच्या आसनावर बसली.

दिवाळीत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किल्ल्याच्या होड्या बंदच असतात. सप्टेंबरपासून सुरू होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र बहुधा शांत असतो. बहुधा म्हणतो ते अशासाठी, की २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाने आणि २०१९ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘क्यार’ने या किनाऱ्याला चांगलाच हिसका दाखवला होता. तेव्हा किल्ल्यासाठी एक दिवस राखीव ठेवावा, आणि बंदरावर बावटा लागला असेल तर नाखव्याशी हुज्जत घालू नये.

आता रस्ता. मुंबईहून गोवा महामार्गाने तळेऱ्यापर्यंत यावे आणि तिथून उजवीकडे वळून विजयदुर्ग गाठावा. पुण्याच्या मंडळींनी कोल्हापूर, गगनबावडा करून घाट उतरावा. पावसाळ्यानंतर घाटाची डागडुजी चालू असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. पेट्रोल महामार्गावरच भरून घ्यावे. किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर पंप शोधीत हिंडण्यात मौज नाही.

विजयदुर्गाला आम्ही धनत्रयोदशीच्या रात्री पोचलो आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान किल्ल्याच्या पायथ्याशी एका घरगुती निवासात केले. या किल्ल्याचे जुने नाव घेरिया. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो उभारला असे मानतात. पुढे तो शिवाजीमहाराजांकडे आला, आणि नंतर आंग्र्यांचे मुख्य ठाणे झाला. एकामागे एक तीन तटबंद्या आहेत. वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली जहाजांची गोदी आहे. ओहोटीला ती नीट दिसते. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून अशी चालून आली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच खाडीत जळाले. त्या फौजेत क्लाइव्हही होता. प्लासीची लढाई पुढच्या वर्षीची. आपलेच आरमार आपण परक्याच्या मदतीने जाळविले, याची चुटपुट मराठी माणसाला अडीचशेहून अधिक वर्षे लागून आहे. तटावर उभे राहून खाडीकडे पाहिले, की ती पुन्हा लागते.

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून काही चौथरे दाखवतात. वाटाडे सांगतात, की लॉकियर नावाच्या इंग्रजाने १८६८ च्या सूर्यग्रहणात इथूनच हेलियम वायूचा शोध लावला. गोष्ट सुरेख आहे, पण तिच्यात दोन ग्रहणे एकत्र झाली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले खरे, आणि ते पाहायला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आला तो आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहणावाचूनच, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात ती पिवळी रेघ पाहिली आणि पुढे तिच्यावरून नव्या मूलद्रव्याला नाव मिळाले. विजयदुर्गाला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि बरोबर लढाऊ जहाजावरच्या खलाशांची पलटण मदतीला घेऊन आला. तोवर रॅम्सेने १८९५ साली पृथ्वीवरही हेलियम हुडकून काढला होता. म्हणजे हेलियमचा बाप विजयदुर्गाला येऊन गेला, एवढे नक्की. बारसे मात्र आधीच झाले होते! गावकरी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा करतात. करावा. मुलांना विज्ञान शिकवायला किल्ल्यापेक्षा चांगला वर्ग कुठे मिळणार? माझ्या धाकट्याने ओट्यावर उभे राहून सूर्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आईने त्याचे कान धरले.

देवगड झटपट होते. खाडीच्या मुखाशी किल्ला, त्यात दीपगृह, खाली बंदर. आंबा म्हणाल तर तो एप्रिल-मेमध्ये. दिवाळीत फक्त कलमांच्या हिरव्यागार रांगा पाहून समाधान मानावे. तिथून नव्या पुलावरून कुणकेश्वर जवळ आले आहे. देऊळ अगदी लाटांच्या अंगावर उभे आहे. दर्शन घ्यावे, पुळणीवर चालावे, पण पाण्यात खोल जाऊ नये. शहरातली मुले तलावात पोहणे शिकतात आणि समुद्रालाही तोच नियम लावतात. किनाऱ्यावरचा कोळी ‘पुढे नको’ म्हणाला, की त्यात वादाला जागा नसते.

इथून पुढे खाड्यांचा मुलूख लागतो. मिठबाव, आचरा, कालावल, कोळंब, मग मालवणच्या दक्षिणेला कर्ली. या सर्वांवर आज पूल आहेत, आणि नकाशातली बोटभर रेघ खरोखरच बोटभर वेळात पार होते. पूर्वी प्रत्येक खाडीला तर असे. हाक मारायची, तरवाला येईपर्यंत झाडाखाली बसायचे, आणि त्या वेळात पलीकडल्या गावची सोयरीक जमायची किंवा मोडायची. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाच्या गोष्टी मोठ्या जोराने सुरू झाल्या. उत्तरेकडल्या मोठ्या खाड्यांचे काम इतक्या वर्षांनी आता पुढे सरकते आहे. ते पुरे झाले, की मुंबईची मोटार किनारा न सोडता थेट इथवर येईल. मला त्याचा आनंद आहे. माझ्या आईसारख्यांची कंबर घाटात मोडणार नाही. आणि धास्तीही आहे. रुंद रस्ता आला, की त्याच्या कडेची भातखाचरे आणि माडाच्या बागा विकत घेणारे त्याच्याही आधी येतात. या प्रवासात रस्त्याकडेला जमीन विक्रीच्या इतक्या पाट्या दिसल्या, की मुलांनी त्या मोजण्याचाच खेळ केला, आणि आचऱ्यापर्यंत येता येता कंटाळून सोडून दिला.

आचऱ्याला रामेश्वराचे मोठे देवस्थान आहे. या गावाची एक रीत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सारा गाव, गुराढोरांसकट, कुत्र्याकोंबड्यांसकट, तीन दिवस-तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर राहायला जातो. तिला गावपळण म्हणतात. घरे बंद, गल्ल्या ओस, आणि वेशीबाहेर झोपड्यांत गाणीबजावणी. कारणे नाना सांगतात. माझ्या बायकोचे म्हणणे, की हे मुंबईला लागू केले तर तीन दिवसांत शहर निम्मे निरोगी होईल.

लक्ष्मीपूजन आप्पांच्या घरी झाले. घरात आता त्यांचा पुतण्या राहतो. अंगणात कारीट फोडून झालेली होती, तुळशीपाशी पणत्या होत्या, आणि जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या नि सोलकढी. मासळीवाल्यांनी त्या रात्री हात आखडता घ्यावा लागतो याबद्दल हळहळू नये. पाडव्यानंतर कोंबडी-वडे आणि बांगड्याचे तिखले आहेतच. आप्पा ओट्यावर बसून खाडीच्या अंधाराकडे पाहत होते. कोणी विशेष बोलले नाही.

पाडव्याला सकाळी ओवाळणी आटोपली आणि दहा वाजता मालवणच्या धक्क्यावर आलो. नाखव्याला आदल्या दिवशी पुतण्याने सांगून ठेवले होते. हे मात्र अवश्य करावे. रांगेत तिकीट काढून जी मिळेल त्या होडीत बसण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसासाठी आधी बोलून ठेवावे, जॅकेट घालायला वेळ घ्यावा, आणि होडी भरण्यापूर्वी त्यांना मधल्या फळीवर बसवावे. पाणी चढलेले होते. नाखव्याने धक्क्यावरून एक हात दिला, खालून पोराने दुसरा, आणि आप्पा ओटीवरून पडवीत उतरावे तसे होडीत उतरले. ‘‘बघा, घाबराक काय होया होता?’’ नाखवा म्हणाला. आप्पा हसले. म्हणाले, ‘‘मी पडावात चढलेलो माणूस. तू मगे जन्माक इलंस!’’

किल्ला कुरटे बेटावर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी पूजा झाली, त्याला मोरयाचा धोंडा म्हणतात, तो मालवणात आजही दाखवतात. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली काम चालले आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले आहे. अठ्ठेचाळीस एकरांचा पसारा, तट तीस फुटांच्या आसपास उंच. पण चातुर्य आहे ते दरवाजात. होडी किल्ल्याच्या जवळ आली तरी दरवाजा काही दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधून वाट आत वळते आणि मगच समोर येतो. शत्रूच्या तोफेला सरळ नेम धरता येऊ नये, म्हणून ही योजना.

आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध गोडे! मुलांनी ते चाखून पाहण्याचा हट्ट धरला. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून ठसा दाखवतात, त्यावर छोट्या घुमट्या आहेत. आणि आहे ते शिवराजेश्वराचे देऊळ, राजाराममहाराजांनी १६९५ साली बांधलेले. इथली मूर्ती चित्रांतल्या महाराजांसारखी नाही. दाढी नाही, डोईला दर्यावर्दी माणसाची वाटावी अशी टोपी. समुद्रावरच्या माणसांनी आपला राजा आपल्यासारखा घडवला असावा, असे मला वाटते.

देवळापर्यंत आप्पा चालत आले, दर वीस पावलांवर थांबत. थांबायला लागले ते बरेच झाले. नाहीतर आम्ही तासाभरात किल्ला ‘उरकला’ असता. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. एका घराच्या ओट्यावर त्यांना कोकम सरबत मिळाले, आणि घरच्या म्हातारीने त्यांच्या घराण्याचे नाव विचारून सासूबाईंच्या माहेरची ओळख काढली. मग दोघे पाऊण तास बोलत बसले. होडीवाल्याने दिलेली वेळ टळत होती आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. बायको म्हणाली, ‘‘पाहू नकोस. त्याला दुसरी फेरी करायला सांग.’’ सांगितले. त्याने केली. भरतीच्या हिशेबात तेवढी सवड होतीच.

परतताना डाव्या-उजव्या बाजूंचे खडक नाखवा नावानिशी सांगत होता. पद्मगडाकडे ओहोटीला पायी जाता येते, पण ते तरुणांनी करावे. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, महाराजांचा पुतळा उभारला गेला. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या जागी नवा, अधिक उंच पुतळा २०२५ च्या मे महिन्यात उभा राहिला. होडीतून एकीकडे पुतळा दिसतो आणि दुसरीकडे साडेतीनशे वर्षे लाटा खात असलेला तट. नाखव्याने काही न बोलता दोन्हींकडे बोट दाखवले.

मालवणात दोन मुक्काम करावेत. तारकर्ली-देवबागकडे जाणे आलेच; कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली जमिनीची निमुळती जीभ पाहण्यासारखी आहे. आत धामापूरचा तलाव आहे, १५३० सालचा, काठी भगवतीचे देऊळ. गर्दीला कंटाळलेल्यांनी तिकडे दुपार काढावी. राहण्यासाठी घरगुती निवास बरे. मात्र खोली तळमजल्याची आहे का आणि संडास कोणत्या पद्धतीचा आहे, हे लाजू नका, आधीच विचारा. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाला फोटोत सुरेख दिसणारी माडी मिळाली आणि त्यांच्या आजी दोन दिवस माडीवरून खाली उतरल्याच नाहीत. खाजा आणि खटखटे लाडू घरी न्यावेत. ते आठवडाभर टिकतात, मुलांपासून वाचले तर.

भाऊबीजेला कर्ली ओलांडून परुळे, मग वेंगुर्ले. वाटेत निवतीचा किल्ला आणि भोगव्याची पुळण आहे. किल्ला चढायला थोडाच, दृश्य मात्र मोठे. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिचे अवशेष आहेत. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, चिं. त्र्यं. खानोलकरही याच तालुक्यातले. वेंगुर्ल्याच्या पुढे आरवली. इथला वेतोबा गावाची राखण करीत रात्री फिरतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला नवसाच्या चपला वाहतात. चपला म्हणजे केवढ्या, तर माझ्या थोरल्याचा हात कोपरापर्यंत मावेल एवढ्या. त्या झिजतात असेही सांगतात. जयवंत दळवी याच गावचे. पुढल्या शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ते ज्या टेकडीवर जाऊन बसत ती भिके डोंगरी लोक दाखवतात. ‘ययाती’ला ज्ञानपीठ १९७४ साली मिळाले, पण कादंबरीकार घडला तो इथल्या शाळेत पोरांच्या वह्या तपासताना. शिरोड्याची मिठागरेही पाहावीत. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या.

रेडीला खाणीत १९७६ साली सापडलेल्या गणपतीपुढे गर्दी असते, शेजारच्या यशवंतगडात नसते. गडाच्या भिंतींना झाडांनी विळखा घातला आहे. संध्याकाळ होण्यापूर्वी परतावे. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे, पण गोव्याचा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला, आणि गोवा मुक्त व्हायला पुढे सात वर्षे लागली. तिथे केरीकडे जाणारी फेरी मिळते. साऱ्या प्रवासात मोटारीसकट पाण्यावरून जाण्याची हौस फक्त इथे भागली. आप्पा खाली उतरून कठड्याला टेकून उभे राहिले आणि पुन्हा आगबोटीच्या गोष्टी सांगू लागले.

परतीची वाट सावंतवाडीवरून आहे. गोल्फवाल्यांसारखे खेळायचेच असेल, तर खेळ इथे आहे. राजवाड्यात गंजिफा रंगवतात, गोल पत्त्यांवर हाताने. दशावतारी गंजिफेत दहा रंग, म्हणजे दहा अवतार, आणि प्रत्येकाची बारा पाने. राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांनी खेळायचा हा खेळ. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. आम्ही एक गड्डी घेतली. मोती तलावाच्या काठी बसून आप्पांनी मुलांना पाने ओळखायला शिकवली. मत्स्यावरून कूर्मापर्यंत गाडी ठीक आली. पुढच्या पाच अवतारांत पानांचा भाव उलटा का, यावर आजोबा-नातवांचा वाद आंबोली घाट चढेपर्यंत चालू होता.